एका रात्रीचा क्रूस

ज्या घरात अंघोळीच्या मोरीत मेलेली माणसं धुतली जायची, त्या घरात मी भाडेकरू म्हणून राहिले आणि सुखात राहिले, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा दचकतो. मग त्याला नीट सांगावं लागतं की धुतले जायचे ते फोटो, आणि त्या फोटोंत माणसंसुद्धा नसायची. नुसते क्रूस असायचे. आमच्या घरमालकांना कबरस्थानातल्या जुन्या क्रुसांचे फोटो काढायचा नाद होता. नाद हा शब्द त्यांच्या बायकोचा, काकूंचा. ते स्वतः 'काम' म्हणायचे.

नगरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली ती मोठ्या दुष्काळाच्या जरा आधी. सावेडीच्या बाजूला तेव्हा वस्ती विरळ होती. चार घरं, मग ज्वारीचं रान, पुन्हा चार घरं. त्यातल्या एका बैठ्या घरात मागची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून मी गेले. त्याआधी दोन ठिकाणी नकार ऐकून आले होते. एकट्या बाईला खोली म्हटलं की घरमालकांना हजार शंका. कुठल्या गावच्या, कुठल्या जातीच्या, अंडं खाता का, कोण भेटायला येतं. त्या सगळ्याची उत्तरं घोकूनच मी दार वाजवलं.

दारात उंचेपुरे, जाड मिशीचे, खाकी पँट घातलेले एक गृहस्थ उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमचे आजोबा कुठं असतात?"

"वारले," मी म्हटलं.

"ते झालंच हो. पण आहेत कुठं?"

मला कळेना काय सांगावं. संगमनेरच्या घाटावर अग्नी दिला, अस्थी नदीत सोडल्या, असं काहीतरी मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "आणि वडील?"

वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या जागी घर चालवायला म्हणूनच तर मी नोकरीला बाहेर पडले होते. मी म्हटलं, "प्रवरासंगमाला सोडलं त्यांना. पाण्यात."

"म्हणजे आठवण आली तर जायला जागा नाही."

"नाही."

"मग अवघड आहे तुमचं," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मला राग आला होता. कोण कुठला माणूस, आणि उंबऱ्यात उभं करून माझ्या दुःखाची चौकशी करतो. पण खोली हवेशीर होती, भाडं परवडणारं होतं, आणि आतून काकू ओरडल्या, "अहो, तिला आत तरी येऊ द्या, चहा टाकलाय!" म्हणून मी राहिले. पुढं लक्षात आलं की त्या दिवसांत वडिलांबद्दल मला खरा प्रश्न विचारणारा तो एकटाच माणूस होता. बाकी सगळे सांत्वन करत होते.

काका ख्रिस्ती. माळीवाड्याकडे एका माडीवर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्या स्टुडिओत जिवंत माणसांशी त्यांचं वागणं अगदी तुटक. नवरानवरी येवोत, शाळेची पोरं येवोत, की बदली झालेला एखादा साहेब येवो. "बसा. मान वर. दम धरा. झालं. उठा." एवढीच वाक्यं. कुणी म्हणालं, "जरा चांगला काढा हं," तर म्हणायचे, "मी आहे तसा काढतो. चांगला तुम्ही घरून आणायचा."

तोच माणूस कबरस्थानात शिरला की लोणी व्हायचा. रविवारची उपासना आटोपली की काकूंनी बांधून दिलेली भाकरी, फोल्डिंग कॅमेरा आणि लाकडी स्टँड सायकलला लावून निघायचे. लांबचं गाव असलं तर सायकल एस. टी. स्टँडवर ठेवून गाडीनं. शेवगाव, राहुरी, पार जामखेडपर्यंत. जिथं जिथं म्हणून मिशनची जुनी जागा आहे, तिथं ते जायचे. आत जाताना डोक्यावरची हॅट काढायचे. क्रुसासमोर स्टँड लावायचे आणि त्या कबरीतल्या माणसाशी बोलायचे. "मावशी, सलाम. उन्हात उभं केलं तुम्हाला, माफ करा. आता हलू नका."

मी हे ऐकलं ते आरसा धरायला गेले म्हणून. जुन्या दगडावरची अक्षरं झिजलेली असतात. समोरून ऊन पडलं की काहीच दिसत नाही. पण बाजूनं तिरपं ऊन टाकलं की प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली उभी राहते आणि नाव वाचता येतं. म्हणून काका भिंतीवरचा दाढीचा आरसा बरोबर न्यायचे आणि कुणाला तरी कबरीच्या बाजूला बसवून उन्हाचा कवडसा दगडावर पाडायला लावायचे. आधी काकू जायच्या. त्यांचे गुडघे धरले आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी काकांनी माझी रीतसर ओळख करून दिली. एका काळ्या पाषाणाच्या क्रुसापुढं उभे राहून म्हणाले, "ह्या आमच्या भाडेकरू बाई. हिंदू आहेत. तुमची हरकत नसेल तर आरसा धरतील." मग हरकत आहे का हे ऐकायला थोडं थांबले. मला हसू फुटलं तर डोळे वटारले.

घरी आल्यावर मोरीची कडी लागायची. लाल दिवा, औषधांच्या थाळ्या, फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास. मग फोटो धुवायला पाणी. दुष्काळ पडला तेव्हा यावरून घरात महाभारत व्हायचं. आम्ही दोघी बायका नळावर रांगेत उभ्या राहून हंडा-कळशी भरून आणायचो, आणि हा माणूस त्यातली बादली उचलून आत. काकू दारावर थापा मारायच्या. "जित्या माणसांना घोटभर पाणी नाही आणि तुम्ही मेलेल्यांना अंघोळी घालताय!" आतून शांत आवाज यायचा, "शेवटचीच आहे गं त्यांची." वापरलेलं पाणी वाया जायला नको म्हणून त्यांनी ते दारच्या शेवग्याला घातलं आणि शेवगा वाळला. काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या मते दुष्काळानं मारलं नसतं ते झाड.

हे फोटो ते विकायचे नाहीत. वाटायचे, आणि तेही भलत्या वेळी. ओळखीच्यात लग्न निघालं की लोक भांडी देतात, घड्याळ देतात. काका नवरीला तिच्या आजीच्या नाहीतर पणज्याच्या क्रुसाचा फोटो फ्रेम करून द्यायचे. काकू कपाळाला हात लावायच्या. एका लग्नात तर नवरीच्या आईनं तो फोटो सगळ्यांदेखत पालथा घातला. शुभ कार्यात कबर आणली म्हणून बोल बोल बोलली. काका केकचा तुकडा हातात धरून निमूट ऐकत राहिले. पुढं ती मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मुद्दाम आमच्या घरी आली. काकूंना म्हणाली, "सासरी पेटीत साड्यांच्या खाली ठेवलाय. फार घर आठवलं की काढते. आईला सांगू नका." काका हे ऐकत दारामागं उभे होते. बाहेर आले आणि बाळाचा फोटो फुकट काढून दिला. बाळालाही म्हणाले, "दम धर."

स्वयंपाकघराच्या दाराशी, बायबल ठेवलेल्या फळीच्या वर, एक तसबीर होती. त्यात एक लाकडी क्रूस. मागं उजाड माळ, घायपाताची झुडपं. क्रूस जरा डावीकडं कललेला, आडव्या लाकडात खिळ्यांची जुनी भोकं, आणि नाव कुठंच नाही. नाताळात त्या तसबिरीला झेंडूची माळ असायची. मी एकदा विचारलं की हा कुणाचा. काका म्हणाले, "हा माझ्या आईचा फोटो."

क्रूस आईचा आहे असं नाही म्हणाले. आईचा फोटो म्हणाले.

पुढची हकिकत मला काकूंनी भाकरी थापता थापता सांगितली. काका दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, मानमोडीच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत. त्या साथीत घरंच्या घरं रिकामी झाली होती. काकांचे वडील तेव्हा खर्ड्याच्या बाजूला एका खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर होते. साथ सरल्यावर ते पोराला घेऊन जे निघाले ते पुन्हा त्या गावाला गेले नाहीत. बायकोविषयी कधी बोलले नाहीत. गरीब शाळामास्तर, फोटो कुठला असणार. मरायच्या आधी एकदाच काकांना एवढं म्हणाले की, तुझ्या आईवर मी सागवानी क्रूस उभा केला होता, शाळेच्या फळ्याची चौकट मोडून केलेला. काका तो शोधत गेले तेव्हा गावात सगळे बाजाराला गेलेले. त्यांनी कबरस्थानात एकटंच फिरून तो शोधून काढला, भोकांवरून ओळखला, आणि रोलमधले सगळेच्या सगळे फोटो त्याचेच काढले. त्या दिवसापासून हा नाद.

"लोकांच्या चेहऱ्यांचे फोटो काढून पोट भरतो," काकू म्हणाल्या, "आणि जिच्या पोटी आला तिचा चेहरा याला माहीत नाही. मी किती वेळा म्हटलं, पोरं नाहीत ते नाहीत, देवाची मर्जी. पण हे रात्री उठून त्या लाकडाकडं बघत बसतात त्याचं काय करायचं, सांग."

हे सांगताना त्यांची भाकरी करपली.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जामखेडकडचे एक पाळकसाहेब घरी आले होते. बोलता बोलता म्हणाले की खेड्यांत सरपणाला काडी उरलेली नाही, कबरस्थानातले लाकडी क्रूससुद्धा चुलीत जायला लागलेत. लोकांना तरी काय बोलायचं, म्हणाले. काकांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सिमेंटसाठी धावाधाव सुरू केली. तेव्हा सिमेंट मिळणं म्हणजे नाकी नऊ. कुठून तरी डबाभर मिळवलं. क्रुसाचा बुंधा सिमेंटात पक्का करायचा म्हणजे कुणाला उपटता येणार नाही, हा बेत. काकूंनी मला बाजूला घेतलं. "तू जा त्यांच्याबरोबर. तो क्रूस जाग्यावर नसला तर हे तिथंच बसतील. त्यांना घरी आणायला कुणीतरी पाहिजे."

जामखेडच्या गाडीनं गेलो, पुढं पायी. काकांच्या एका खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, दुसऱ्या हातात सिमेंटचा डबा. माझ्याकडे पाण्याची मोठी किटली आणि आरसा. वाटेत खडी फोडायच्या कामावर सगळं गाव बसलेलं दिसलं, बाया, माणसं, उन्हाला पाठ करून. गावात कुत्रंही नव्हतं. काका एरवी वाटेत बोलायचे. त्या दिवशी नाही. कबरस्थानाच्या कडेला पोचलो आणि त्यांनी एकदम माझा हात धरला. आयुष्यात तेवढ्या एका वेळी धरला असेल. क्रूस उभा होता.

ते भराभर गेले. डबा ठेवला, हॅट काढली, आणि दोन्ही हात क्रुसाच्या आडव्या लाकडावर ठेवून उभे राहिले. लाकूड चांगलं तेलकट, काळं होतं. एवढ्या उन्हात कुठंही तडकलं नव्हतं. ते तेव्हाच आम्हाला खटकायला हवं होतं.

"ए, कोन हाय? हात काढा! क्रुसाला हात लावू नगा!"

बाभळीच्या खुंटाजवळून एक म्हातारी काठी उगारत येत होती. मागं एक शेळी. म्हातारी वाळलेली पण आवाज खणखणीत.

"आजी, सलाम," काका म्हणाले. "आम्ही न्यायला नाही आलो. पक्का करायला आलोय. माझ्या आईचा क्रूस आहे हा."

"तुमच्या आईचा?" म्हातारी थांबली. "कसा बरं? ह्यो माज्या भनीचा हाय. धाकल्या भनीचा. समदी जिंदगी मी ह्याला तेल लावतीया. सरपनाला न्हेत्यात म्हून दिसभर हितं बसून ऱ्हाती. तुमी कोन?"

काकांनी वडिलांचं नाव सांगितलं. शाळेचे मास्तर होते म्हणाले. म्हातारीनं काठी खाली टेकली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मास्तरांचं ल्योक? कडंवर असायचा त्यो?" ती खालीच बसली. आम्हीही बसलो. मग तिनं सांगितलं ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं.

"मानमोडी आली तवा मी परकर नेसायची. लई मानसं गेली. सकाळी एक, सांच्याला एक. पाळकसायेब बी पडल्यालं. मग समदं मास्तरच करायचं, खड्डा खनायचं, प्रार्थना म्हनायचं. क्रूस एकलाच हुता समद्या मंडळीचा. मास्तरांनीच शाळंच्या फळ्याची चौकट मोडून केल्ता. मानूस निजवलं की त्येच्यावर रवायचा. दुसरं गेलं की हितला काढायचा न् तितं रवायचा. पयली रात क्रुसाबिगर कुनाला ठिवायचं न्हाई, आसं मास्तरांचं म्हननं. पुढं ज्येच्या घरच्यांना जमंल त्येनं दगडाचा करावा."

काकांनी मान वर करून क्रुसाकडं पाहिलं.

"मग तुमची आय गेली. मास्तरांनी तिला निजवली, क्रूस रवला. न् दुसऱ्याच दिशी माजी भन गेली, एवढीशी. मास्तर आलं न् आपल्या मालकिनीवरला क्रूस हलवाय लागलं. माजी आय त्यांच्या पाया पडली. म्हनली, मास्तर, आजच्या रात ऱ्हाऊ द्या बाईंवर. आमची बारकी हाय, ती झोपंल तशीच." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "मास्तर म्हनलं, तिची रात झाली. आता हिची."

वारा नव्हता. लांबून खडी फोडल्याचा आवाज येत होता.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय? माज्या भनीमागं कोनीच गेलं न्हाई. साथ सरली. क्रूस तितंच ऱ्हायला. आन् मास्तर तुमाला घिऊन निघून गेलं."

"माझी आई कुठं आहे?"

तिनं काठीनं दाखवलं. "त्या आंगाला. तवा बांध हुता, बांधाकडंला निजवल्याली. आता बांध बी गेला, घायपात माजली. नक्की न्हाई सांगता येनार, दादा. खोटं कशाला बोलू?"

काका उठले. त्या बाजूला गेले. थोडं चालले आणि मध्येच थबकले. मी बघत होते. त्यांनी वाकून बूट काढले, मोजे काढले. एक पाऊल पुढं टाकायला उचललं आणि तसंच मागं घेतलं. कुठं पाय ठेवावा हे त्यांना कळेना. कुठंही ठेवला तरी तो तिच्यावर पडेल अशी भीती. मोकळ्या माळावर एवढा मोठा माणूस अनवाणी उभा, ना पुढं जाता येत, ना मागं. मला रडू कोसळलं. मी वडिलांसाठी इतकी रडले नव्हते, तेही त्यातच रडून घेतलं.

बऱ्याच वेळानं ते परत आले. डोळे लाल होते पण आवाज नेहमीचा. म्हणाले, "आजी, सिमेंट आणलंय. तुमच्या बहिणीचा क्रूस पक्का करून देतो. मग तुम्हाला राखण करत उन्हात बसायला नको."

बुंध्याभोवती त्यांनी हातानं उकरलं. किटलीतलं प्यायचं सगळं पाणी सिमेंट कालवण्यात गेलं. म्हातारी क्रूस सरळ धरून उभी होती, मी दगड आणून देत होते. मातीनं आणि सिमेंटनं भरलेल्या हातांनी काका काम करत होते आणि म्हातारी वरून त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"तुमी मास्तरांवर न्हाई गेला," ती म्हणाली. "मास्तर लांबुडक्या तोंडाचं. तुमी मास्तरीन बाईंवर गेलाय."

काकांचे हात थांबले.

"तुम्हाला आठवते ती?"

"न आठवाया काय झालं? मला काजा-टिपा बाईंनीच शिकिवल्या. सावळ्या हुत्या. लई बोलायच्या न्हाईत, पन हसायला लागल्या की आयकायच्या न्हाईत. पदर तोंडात धरायच्या." म्हातारीनं एक हात मोकळा केला आणि काकांच्या कपाळावरून फिरवला. "ह्ये कपाळ बाईंचं. ह्ये डोळं बाईंचं, आसंच खोल. भुवई बी अशीच तुटल्याली. खाली ह्यी मिशीच काय ती तुमची सोताची."

काका तिच्यापुढं तसेच गुडघ्यांवर बसून राहिले, मान वर करून, तिला हवं तेवढं बघू देत.

परतीच्या गाडीत आमच्या दोघांच्याही घशाला कोरड होती. पाथर्डीचा फाटा गेल्यावर ते म्हणाले, "वडील खोटं नाही बोलले. उभा केला होता म्हणाले. एक रात्र होता." मग थोड्या वेळानं, "बाई, आता मी तुमच्यासारखाच झालो. जायला जागा नाही." मी म्हटलं, काका, तुमचा गावभर तरी माळ आहे, माझी तर नदी वाहून गेली. त्यावर ते चक्क हसले, आणि हसताना तोंडावर हात धरला. असा हात ते आधीही धरत असतील. माझं लक्ष त्या दिवशी गेलं.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरची तसबीर उतरवली, कागदात बांधली आणि पाळकसाहेबांच्या हाती म्हातारीला पाठवून दिली. बहिणीचा फोटो बहिणीकडं असावा, म्हणाले. काकू त्या रिकाम्या भिंतीकडं बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. काकूंनी न बोलणं हे घरात शेवगा वाळल्यानंतर पहिल्यांदाच होत होतं.

आता दोघंही नाहीत. नगरच्या कबरस्थानात शेजारी शेजारी आहेत, त्यांच्यावर भाच्यानं साधे दगडी क्रूस बसवलेत. माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली, सगळं झालं. पण नगरला गेले की मी तिथं जाते, दगडावरचा पाचोळा काढते, आणि बसते. काकांशी बोलते, आणि खरं सांगायचं तर वडिलांशीही तिथंच बोलते. आठवण आली तर जायला मला त्या घरानं जागा दिली. त्यांच्याइतकी ओढ लागावी असं माणूस मला नात्यात मिळालं नाही. पण मला ते कबरस्थानात आठवत नाहीत. आठवतात ते तसबीर पाठवून दिल्यानंतरच्या एका दुपारचे.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला स्टुडिओत बोलावून घेतलं. गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर ते स्वतः बसले. कॅमेरा मांडून ठेवलेलाच होता. म्हणाले, "बाई, मी सांगितलं की हे बटण दाबायचं. बाकी काही करायचं नाही." दिवा त्यांनी एका बाजूनं, तिरपा लावून घेतला होता. पुन्हा पुन्हा उठून दिवा सरकवत होते, पुन्हा बसत होते. इतका वेळ त्यांनी जिवंत माणसाच्या फोटोला कधी घालवला नसेल. शेवटी मान जराशी खाली केली, भुवया सैल सोडल्या आणि म्हणाले, "दाबा."

संध्याकाळी मोरीचं दार उघडलं. काकू चुलीशी भाकऱ्या करत होत्या, मी ताटं घेत होते. काका ओला फोटो दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आले आणि काकूंच्या समोर खाली बसले. फोटोत त्यांचाच चेहरा. काकू म्हणाल्या, "हे काय आता? स्वतःचा काढलात होय?"

काकांनी फोटोवर आपला पंजा आडवा ठेवला. मिशी झाकली गेली, हनुवटी झाकली गेली. वर राहिलं ते कपाळ, खोल डोळे, आणि मध्ये तुटलेली भुवई. सावळी, कमी बोलणारी, जराशी दमलेली एक बाई आमच्याकडं बघत होती.

"ओळख," काका म्हणाले.

काकूंनी तव्यावरची भाकरी खाली घेतली. हाताचं पीठ झटकलं. फोटोकडं वाकून बराच वेळ पाहिलं, आणि मग डोक्यावरून पदर नीट पुढं ओढून घेतला.

"सलाम, आत्याबाई," त्या म्हणाल्या.